रिचमंडची बस आणि वेशीपलीकडचे शहर

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याची राजधानी असलेल्या रिचमंड शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार २,२६,६१० आहे. शहराला वेढून असलेल्या हेन्रायको आणि चेस्टरफील्ड या दोन काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) प्रत्येकी तीन लाखांहून अधिक लोक राहतात, आणि सगळा महानगर प्रदेश धरला तर लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास जाते. न्यूयॉर्क किंवा शिकागोसारखी भुयारी वा उन्नत रेल्वे येथे नाही. शहरांतर्गत सार्वजनिक वाहतूक म्हणजे बस, आणि ती चालवणारी संस्था म्हणजे ग्रेटर रिचमंड ट्रान्झिट कंपनी, जिला सगळे जीआरटीसी म्हणतात. एका अर्थाने हे अमेरिकेतील अनेक मध्यम शहरांचे चित्र आहे. तरीही रिचमंडचा वेगळा विचार करावा लागतो, कारण २०१८ ते २०२३ या थोड्या काळात या शहराने तीन मोठे निर्णय अमलात आणले: बससाठी स्वतंत्र मार्गिका असलेली जलद सेवा सुरू केली, संपूर्ण बसजाळ्याची एका दिवसात फेरआखणी केली, आणि तिकीट बंद केले.

या तिन्ही निर्णयांचा प्रवाशाला किती उपयोग झाला, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. बससेवेची गुणवत्ता मी चार गोष्टींवरून ठरवतो: बस किती वेळाने येते, दिवसाच्या कोणत्या तासांपर्यंत धावते, माणसाला जिथे जायचे आहे तिथवर पोचते का, आणि थांब्यापर्यंत सुरक्षितपणे चालत जाता येते का. गाडी नवी आहे की जुनी, आत वायफाय आहे की नाही, हे प्रश्न त्यानंतरचे. या निकषांवर पाहिले तर रिचमंडमध्ये पहिल्या दोन बाबतींत खरी सुधारणा झाली, आणि उरलेल्या दोन बाबतींत सुधारणा शहराच्या वेशीपाशी येऊन अडली. ही वेस कशी तयार झाली हे समजून घेतल्याशिवाय बससेवेचे मूल्यमापन अपुरे राहते, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

ट्रामचे शहर

विजेवर चालणाऱ्या ट्रामचे मोठ्या प्रमाणावरचे पहिले यशस्वी जाळे रिचमंडमध्येच उभे राहिले. नौदलात काम केलेला आणि काही काळ एडिसनकडे नोकरी केलेला अभियंता फ्रँक स्प्रेग याने १८८७ मध्ये सुमारे १२ मैलांची ट्राम आणि ४० डबे उभे करण्याचे कंत्राट घेतले. रस्ते कच्चे होते आणि शहर टेकड्यांवर वसलेले असल्याने काही ठिकाणी चढ दहा टक्क्यांपर्यंत होता. २ फेब्रुवारी १८८८ रोजी सेवा नियमितपणे सुरू झाली. वरच्या तारेतून वीज घेण्याची आणि मोटर चाकांच्या आसाजवळ बसवण्याची स्प्रेगची पद्धत पुढच्या काही वर्षांत शेकडो शहरांनी स्वीकारली. १९०७ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्रामची जागा विजेच्या ट्रामने घेतली, ती याच तंत्रप्रवाहातून.

शहराची वाढ ट्रामच्या रुळांच्या कडेने झाली. आजही रिचमंडच्या जुन्या वस्त्यांत घरे एकमेकांना लागून आहेत, रस्ते चौकटीत आखलेले आहेत आणि कोपऱ्यावर दुकान आहे; बस चालवायला अशी वस्ती सोयीची असते. १९०४ मध्ये ट्राम कंपनीने कृष्णवर्णीयांना वेगळ्या जागी बसवण्याचा नियम लागू केला, तेव्हा ‘रिचमंड प्लॅनेट’ या वृत्तपत्राचे संपादक जॉन मिचेल ज्युनियर आणि बँक चालवणाऱ्या मॅगी वॉकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील कृष्णवर्णीय समाजाने ट्रामवर बहिष्कार घातला. लोक महिनोन्महिने पायी चालले, आणि आधीच अडचणीत असलेली कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. भेदभावाचा नियम मात्र गेला नाही. १९०६ मध्ये राज्याने तो कायद्यानेच सक्तीचा केला. या शहरात सार्वजनिक वाहनात कोण बसतो आणि कोणाच्या अटींवर बसतो, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांचा आहे.

शेवटची ट्राम २५ नोव्हेंबर १९४९ रोजी धावली आणि त्यानंतर डबे जाळून टाकण्यात आले. १९५८ मध्ये रिचमंड-पीटर्सबर्ग टर्नपाइक हा द्रुतगती मार्ग खुला झाला. तो जॅक्सन वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या भरभराटीच्या वस्तीच्या मधोमध कापत नेलेला होता. रस्ता तयार झाल्यावर ज्यांना मोटार परवडत होती ते काउंट्यांकडे सरकत गेले. बस उरली ती ज्यांना मोटार परवडत नव्हती त्यांच्यासाठी, आणि तिचे उत्पन्न व दर्जा दोन्ही खाली गेले. खासगी कंपनीला सेवा झेपेनाशी झाल्यावर १९७३ मध्ये शहराने ती ताब्यात घेतली. जीआरटीसीचा जन्म असा झाला.

वेस

व्हर्जिनियाच्या राज्यरचनेत एक वैशिष्ट्य आहे जे अमेरिकेत इतरत्र क्वचितच आढळते. येथील शहरे कोणत्याही काउंटीचा भाग नसतात. शहर आणि काउंटी ही दोन पूर्णपणे स्वतंत्र स्थानिक शासने असतात. रिचमंडच्या हद्दीतून हेन्रायकोत पाऊल टाकले की करव्यवस्था, शाळा, पोलीस, रस्ते सगळे बदलते. एके काळी शहरे शेजारच्या काउंटीचा भाग न्यायालयामार्फत जोडून घेऊन वाढत असत. १ जानेवारी १९७० रोजी रिचमंडने चेस्टरफील्डचा २३ चौरस मैलांचा पट्टा असाच जोडून घेतला, ज्यात सुमारे ४७ हजार लोक, बहुतेक सर्व श्वेतवर्णीय, राहत होते. शहरात कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य होऊ लागले असताना हे घडले, त्यामुळे प्रकरण मतदान हक्क कायद्याखाली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अनेक वर्षे नगरपरिषदेच्या निवडणुका थांबल्या. १९७७ मध्ये प्रभागनिहाय निवडणूक झाली तेव्हा प्रथमच परिषदेत कृष्णवर्णीयांचे बहुमत आले आणि हेन्री मार्श शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. पुढे राज्याने अशा हद्दवाढीलाच पायबंद घातला, आणि रिचमंडची हद्द तेव्हापासून जिथे होती तिथेच राहिली.

लोकसंख्या, दुकाने आणि नोकऱ्या मात्र थांबल्या नाहीत. पश्चिमेला हेन्रायकोत ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला शॉर्ट पंप येथे २००३ मध्ये मोठे व्यापारी संकुल उघडले. त्याच्या आसपास कार्यालये, उपाहारगृहे, दवाखाने आले. शॉर्ट पंप आणि ग्लेन ॲलन या भागांत आज भारतीय, त्यात मराठी, कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि महाराष्ट्रातून काही महिन्यांसाठी आलेले त्यांचे आईवडील मोटार चालवत नसल्याने किती परावलंबी होतात हे त्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. पण हा प्रश्न त्या पाहुण्यांपेक्षा कितीतरी अधिक, शहराच्या पूर्व भागातील मॉस्बी कोर्ट किंवा क्रेटन कोर्टसारख्या सरकारी वसाहतींत राहून शॉर्ट पंपच्या दुकानात काम शोधणाऱ्या माणसाचा होता. संकुल उघडल्यानंतर तब्बल पंधरा वर्षे तिथे शहरातून नियमित बस जात नव्हती.

याचे कारण तांत्रिक नव्हते. काउंटीच्या हद्दीत बस किती धावावी हे ती काउंटीच ठरवत असे, कारण आपल्या हद्दीतल्या सेवेचे पैसे ती जीआरटीसीला देत असे. हेन्रायकोने मर्यादित सेवा विकत घेतली आणि तीही बहुतांशी दिवसाची. संध्याकाळनंतर किंवा शनिवार-रविवारी अनेक मार्ग वेशीवर संपत. चेस्टरफील्डची स्थिती अधिक विचित्र होती. १९८९ मध्ये तिने जीआरटीसीचे निम्मे समभाग विकत घेतले, म्हणजे संचालक मंडळावर तिचे शहराइतकेच सदस्य होते, पण तिच्या स्वतःच्या हद्दीत सकाळ-संध्याकाळ नोकरदारांना शहरात नेणाऱ्या काही जलद फेऱ्या सोडल्या तर स्थानिक बससेवा जवळजवळ नव्हतीच. जी काउंटी निम्मी मालक आहे तिच्या रस्त्यावर बस नाही, अशी ही व्यवस्था तीन दशके टिकली. महापौर ड्वाइट जोन्स यांनी नेमलेल्या दारिद्र्य निवारण आयोगाने २०१३ च्या अहवालात प्रादेशिक सार्वजनिक वाहतूक हा दारिद्र्य कमी करण्याचा एक मुख्य मार्ग म्हणून मांडला, तो याच पार्श्वभूमीवर. तेव्हा शहरातील सुमारे चौथा हिस्सा लोक दारिद्र्यरेषेखाली होते.

२४ जून २०१८

जलद बससेवेचा, म्हणजे ‘पल्स’चा, विचार बरीच वर्षे चालू होता. २०१४ मध्ये केंद्रीय परिवहन खात्याने २ कोटी ४९ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केल्यावर त्याला गती आली. उरलेल्या रकमेतला मोठा वाटा राज्याने उचलला. सुरुवातीचा अंदाज सुमारे ५ कोटी डॉलरचा होता, प्रत्यक्षात खर्च साडेसहा कोटींच्या जवळ गेला. विरोध दोन टोकांकडून आला आणि दोन्हींचा गांभीर्याने विचार करायला हवा. ब्रॉड स्ट्रीटवरच्या दुकानदारांना आणि लगतच्या फॅन भागातील रहिवाशांना वाहने उभी करण्याची जागा जाण्याची भीती होती. पूर्वेकडच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील कार्यकर्त्यांचा आक्षेप अधिक मूलभूत होता: ज्यांना बसची सर्वाधिक गरज आहे त्यांच्या दारावरून ही सेवा जातच नाही, मग ती कोणासाठी?

२४ जून २०१८ रोजी सुरू झालेली पल्स पूर्वेला नदीकाठच्या रॉकेट्स लँडिंगपासून पश्चिमेला विलो लॉनपर्यंत जाते. अंतर ७.६ मैल, म्हणजे साधारण १२ किलोमीटर, आणि स्थानके १४. थॉम्पसन स्ट्रीटपासून फूशी स्ट्रीटपर्यंत ती रस्त्याच्या मधोमध स्वतःच्या मार्गिकेतून धावते, पुढे मध्यवर्ती भागात पदपथालगतच्या मार्गिकेतून, आणि टोकांना इतर वाहनांबरोबर. फलाट गाडीच्या दाराच्या उंचीला आहेत, त्यामुळे चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी सरळ आत जाते. तिकीट होते तेव्हा ते फलाटावरच काढले जाई. सिग्नलला बसला प्राधान्य मिळते. यांतली एकेक गोष्ट छोटी आहे, पण बसचा बराचसा वेळ थांब्यावर आणि सिग्नलवर जात असल्याने एकत्र परिणाम मोठा होतो. नियोजनात रोज ३,५०० प्रवासी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात संख्या लवकरच त्याच्या बरीच पुढे गेली. यात व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचा वाटा मोठा होता. ब्रॉड स्ट्रीटवरच पसरलेल्या या विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांच्या व कर्मचाऱ्यांच्या अमर्याद प्रवासासाठी जीआरटीसीशी वार्षिक करार केला.

माझ्या मते मात्र त्या दिवसाची अधिक महत्त्वाची घटना पल्स नव्हती. त्याच रविवारी शहरातील जवळपास प्रत्येक बसमार्ग बदलला. जुने जाळे ट्रामच्या काळापासून थोडे थोडे जोडत, वळवत आलेले होते: एकाच रस्त्यावरून अनेक मार्ग, प्रत्येकाची फेरी अर्ध्या किंवा एका तासाने, आणि वेळापत्रके एकमेकांशी न जुळणारी. फेरआखणीसाठी सल्लागार जॅरेट वॉकर यांच्या संस्थेने नागरिकांपुढे एक प्रश्न स्पष्टपणे ठेवला. गाड्या आणि चालक तेवढेच असताना, बस शहराच्या प्रत्येक कोपऱ्यात थोडी थोडी न्यायची, की जिथे माणसे दाट राहतात त्या रस्त्यांवर वारंवार न्यायची? एक पर्याय अधिक व्याप्तीचा, दुसरा अधिक प्रवासीसंख्येचा, तिसरा सध्याच्या जाळ्याशी मिळताजुळता, असे आराखडे तयार झाले, आणि २०१७ मध्ये शहराने प्रवासीसंख्येकडे झुकलेला मार्ग निवडला.

या निवडीचा अर्थ समजण्यासाठी साधा हिशेब पुरतो. बस तासाने एक असेल तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी अर्धा तास थांबावे लागते. पंधरा मिनिटांनी एक असेल तर साडेसात मिनिटे. प्रवासात एकदा गाडी बदलायची असेल तर हा फरक दुप्पट होतो, आणि बदलायच्या जागी पहिली बस दोन मिनिटे उशिरा पोचली तर तासाच्या फेरीचा प्रवासी पूर्ण तास गमावतो. कामावर उशीर झाल्याने पगार कापला जाणाऱ्या, किंवा पाळणाघर ठरलेल्या वेळी बंद होणाऱ्या माणसासाठी हा फरक नोकरी टिकण्याचा असतो. नव्या जाळ्यात कॅरी-मेन-व्हिटकॉमसारखे काही मार्ग पंधरा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर धावू लागले, आणि अनेक मार्ग ब्रॉड स्ट्रीटवर पल्सला येऊन मिळतील असे जोडले गेले.

याची किंमतही मोजावी लागली आणि ती सर्वांनी सारखी मोजली नाही. काही रस्त्यांवरची बस बंद झाली, थांबे दूर गेले, आणि जिथे पूर्वी एकाच गाडीने जाता येत होते तिथे मध्ये गाडी बदलावी लागू लागली. पूर्व भागातील चर्च हिल आणि सरकारी वसाहतींतून तक्रारी सर्वाधिक आल्या. तिथल्या वयस्कर रहिवाशांना, गुडघे दुखत असताना, किराण्याच्या पिशव्या घेऊन, आणखी दोन-तीन चौक चालणे हा सरासरीच्या हिशेबात न दिसणारा त्रास होता. जीआरटीसीने पुढच्या महिन्यांत तिकडचे काही मार्ग बदलले. सरासरी सुधारली म्हणून प्रत्येकाची सुधारली असे होत नाही, आणि फेरआखणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, ज्यांत मीही आहे, हे मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. मान्य करूनही माझे मत असे की निर्णय बरोबर होता: तासाला एक बस असलेला मार्ग नकाशावर रेघ म्हणून दिसतो, पण त्याच्या भरवशावर नोकरी धरता येत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हेन्रायकोने आपला हात सैल केला. काही मार्गांवर संध्याकाळच्या आणि शनिवार-रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि १९ क्रमांकाची बस ब्रॉड स्ट्रीटने अखेर शॉर्ट पंपपर्यंत जाऊ लागली. वेशीवरच्या विलो लॉनला पल्समधून उतरून ही बस पकडता येऊ लागली. शहराने आपल्या हद्दीतला कणा भक्कम केला म्हणून काउंटीला त्याला जोडून घेणे सोपे गेले, असे मी यातून वाचतो.

तिकीट बंद होणे

१९ मार्च २०२० रोजी, महामारीच्या पहिल्या लाटेत, जीआरटीसीने भाडे घेणे थांबवले. तेव्हाचे कारण आरोग्याचे होते: प्रवाशांनी मागच्या दाराने चढावे, चालकाजवळ येऊ नये. दीड डॉलरचे तिकीट तात्पुरते बंद झाले ते पुन्हा सुरू झाले नाही. तेव्हाच्या प्रमुख ज्युली टिम यांनी हा निर्णय टिकवण्याची बाजू उघडपणे मांडली. पुढे राज्याच्या अनुदान योजनेतून सुमारे ८० लाख डॉलर मिळाले आणि विद्यापीठानेही आपला निधी देणे चालू ठेवले.

महामारीतील प्रवासीसंख्येने एक गोष्ट ठळक केली. पल्सवर विद्यार्थी येईनासे झाले आणि उपनगरांतून कार्यालयांत येणाऱ्या जलद फेऱ्या रिकाम्या पडल्या, पण वस्त्यांमधून जाणाऱ्या साध्या मार्गांवरची गर्दी त्या मानाने फार थोडी घटली. रुग्णालयातील सफाई कामगार, किराणा दुकानातील विक्रेते, वृद्धाश्रमातील सेविका, उपाहारगृहांतील स्वयंपाकी हे लोक रोज कामावर जात होते आणि बसनेच जात होते. या प्रवाशांत कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत आणि बहुतेकांचे कौटुंबिक उत्पन्न अत्यल्प आहे. त्यांच्याकडून दर फेरीला दीड डॉलर घेऊन जमणारी रक्कम संस्थेच्या अंदाजपत्रकाचा लहानसा भाग होती, आणि ती गोळा करण्यासाठी यंत्रे, रोकड मोजणी व दुरुस्ती यांवर खर्चही होत होता.

पुढच्या वर्षांत अमेरिकेतील अनेक संस्था महामारीपूर्व प्रवासीसंख्येच्या खालीच अडकून राहिल्या असताना जीआरटीसीने ती पातळी ओलांडली. याचे सारे श्रेय मोफत प्रवासाला देण्याचा मोह होतो, पण मी तो टाळतो. जाळे आधीच सुधारलेले होते आणि प्रवासी कार्यालयीन नोकरदारांवर अवलंबून नव्हते, हेही तितकेच खरे. मोफत बसविरुद्धचा गंभीर आक्षेप वेगळा आहे: तोच पैसा फेऱ्या वाढवण्यावर खर्च केला तर गरीब प्रवाशाचा अधिक फायदा होणार नाही का? मोठ्या भाडे-उत्पन्नाच्या शहरात याचे उत्तर ‘होय’ असू शकते. रिचमंडमध्ये भाड्याचा वाटाच लहान असल्याने त्यातून वाढणाऱ्या फेऱ्या मोजक्या असत्या, आणि चढताना कार्ड-नाण्यांत जाणारा वेळ वाचल्याने मिळणारा वेग गमावला असता. म्हणून येथे मोफत सेवा योग्य ठरते. तिला कायमचा आर्थिक आधार मात्र हवा, कारण राज्याचे अनुदान मुदतीचे होते आणि दर अंदाजपत्रकाला हा प्रश्न पुन्हा उघडतो.

२०२१ आणि २०२२ मध्ये चालकांच्या तुटवड्याने सेवा पुन्हा खालावली. काही मार्गांच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या, रद्द झालेल्या फेऱ्यांची सूचना प्रवाशांना वेळेवर मिळेना. चालकांचे वेतन वाढवल्यावर आणि भरतीवर जोर दिल्यावर परिस्थिती हळूहळू सुधारली. बससेवेच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग माणसांचा असतो. मार्गिका बांधायला अनुदान मिळते, चालकाच्या पगाराला ते सहसा मिळत नाही, आणि मध्यम शहरांच्या बससेवेचा बराचसा कमकुवतपणा या एका विषमतेतून येतो.

पैसा कोणाचा

व्हर्जिनियात स्थानिक शासनाला राज्य विधिमंडळाच्या परवानगीशिवाय नवा कर लावता येत नाही. त्यामुळे २०२० मध्ये विधिमंडळाने केलेला कायदा या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत दूरगामी टप्पा आहे. त्याने रिचमंड, ॲशलंड हे गाव आणि सात काउंट्या मिळून सेंट्रल व्हर्जिनिया ट्रान्सपोर्टेशन ऑथॉरिटी ही प्रादेशिक वाहतूक संस्था स्थापन केली आणि या प्रदेशात विक्रीकरावर ०.७ टक्के व पेट्रोलवर दर गॅलनला ७.६ सेंट असा अधिभार लावला. जमा होणाऱ्या रकमेचे १५ टक्के जीआरटीसीला, ३५ टक्के प्रादेशिक प्रकल्पांना आणि ५० टक्के स्थानिक शासनांना त्यांच्या वाहतूक कामांसाठी मिळतात. जीआरटीसीच्या इतिहासात प्रथमच तिला दरवर्षी कोणाच्या दारात न जाता मिळणारा निधी लाभला.

या कायद्यात एक कच्चा दुवा राहिला. स्थानिक शासनांनी आधी बससाठी जे पैसे दिले होते त्यांपैकी किमान निम्मे देत राहावेत, एवढीच अट होती. शहराने या सवलतीचा उपयोग करून आपला वाटा कमी केला. प्रादेशिक पैसा आल्याने सेवा त्या प्रमाणात वाढेल अशी अपेक्षा होती. काही अंशी तो पैसा शहराने सोडलेली जागा भरण्यात गेला. ज्या शहराने स्वतःच्या बळावर जाळे सुधारले त्याने निधी मिळताच पाऊल मागे घ्यावे, हे मला खटकते. शहराच्या शाळा आणि रस्ते यांनाही पैसा हवा होता हे मान्य, पण अट निम्म्याऐवजी पूर्ण रकमेची असती तर हा पर्यायच उरला नसता.

चेस्टरफील्डमध्ये राज्याच्या प्रायोगिक अनुदानातून मार्च २०२० मध्ये रूट १ या महामार्गावर १११ क्रमांकाची स्थानिक बस सुरू झाली. रस्त्याच्या दुतर्फा जुनी मोटेल, फिरती घरे, कमी भाड्याची संकुले आहेत आणि तिथे राहणाऱ्यांत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. ‘आमच्याकडे बसला प्रवासी मिळणार नाहीत’ या जुन्या युक्तिवादाला या एका मार्गाने उत्तर दिले. प्रतिसाद पाहून काउंटीने सेवा चालू ठेवली. विरळ वस्तीच्या भागांसाठी नोव्हेंबर २०२३ पासून ‘लिंक’ नावाची मागणीनुसार येणारी छोट्या गाड्यांची सेवा सुरू झाली. तिचा उपयोग आहे, पण एका चालकाच्या एका तासात ती मोजक्याच लोकांना नेऊ शकते. दाट रस्त्यावरच्या बसला ती पर्याय ठरू शकत नाही, आणि काउंट्यांनी तिच्याकडे स्वस्त पळवाट म्हणून पाहू नये.

थांबा

उरतो तो भाग ज्याच्यावर सर्वांत कमी बोलले जाते. जीआरटीसीचे सुमारे १,६०० थांबे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य ठिकाणी वर्षानुवर्षे फक्त खांब व त्यावर पाटी होती. बाक नाही, छप्पर नाही. संस्थेने २०२२ च्या योजनेत पाच वर्षांत ७५ टक्के थांब्यांवर शेड किंवा बाक देण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि तेव्हापासून काम चालू आहे. मध्यवर्ती भागात गाड्या बदलण्याची जागाही वर्षानुवर्षे नाइन्थ स्ट्रीटच्या कडेला, पदपथावरच होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ती जवळच्या एका मोकळ्या भूखंडावर हलली. प्रवाशांना निदान छप्पर आणि रहदारीपासून दूर उभे राहण्याची जागा मिळाली, पण हीही व्यवस्था तात्पुरतीच आहे.

काउंट्यांत प्रश्न शेडच्या आधीचा आहे. हेन्रायको आणि चेस्टरफील्डमधील मोठे रस्ते मोटारींच्या हिशेबाने बांधलेले आहेत: सहा-सहा मार्गिका, ताशी ४५ मैलांची वाहतूक, दोन सिग्नलांत अर्धा मैल अंतर आणि कडेला पदपथाऐवजी गवत किंवा पाण्याची चर. बस जाताना एका बाजूला सोडते, परतताना दुसऱ्या बाजूने धरावी लागते. म्हणजे प्रत्येक प्रवाशाला दिवसातून एकदा तरी तो रस्ता ओलांडावा लागतो. रात्री काम संपवून निघालेल्या माणसासाठी ही प्रवासातली सर्वांत धोक्याची पाच मिनिटे असतात. बस संस्थेचा या रस्त्यांवर अधिकार नाही. तो काउंटीचा किंवा राज्याचा. त्यामुळे थांबा एकाचा, पदपथ दुसऱ्याचा आणि सिग्नल तिसऱ्याचा अशी विभागणी होते.

पल्स पश्चिमेकडे हेन्रायकोत पुढे नेण्याचे नियोजन झाले आहे, आणि उत्तरेकडून शहरातून चेस्टरफील्डकडे जाणाऱ्या दुसऱ्या जलद मार्गाचा अभ्यास झाला आहे. दुसरा मार्ग मला अधिक तातडीचा वाटतो, कारण तो नदीच्या दक्षिणेकडील त्या वस्त्यांतून जाईल ज्यांना पहिल्या पल्सने वगळले होते, आणि पूर्वेकडील कार्यकर्त्यांनी २०१८ आधी विचारलेल्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर देईल. पण या मार्गांसाठी केंद्राकडे अर्ज करताना त्याच रस्त्यांवरचे पदपथ, रस्ता ओलांडण्याचे सिग्नल आणि दिवे यांचा खर्च प्रकल्पातच धरला पाहिजे. तो काउंटीच्या भावी अंदाजपत्रकावर सोडला तर फलाट तयार होतील आणि त्यांच्याकडे जाणारी वाट चरेतूनच राहील. प्रादेशिक निधीतले ५० टक्के स्थानिक शासनांकडेच जातात आणि कायद्याने ते वाहतुकीसाठीच वापरायचे आहेत. बसमार्गांवरच्या पदपथांसाठी त्यातला ठरावीक हिस्सा राखून ठेवण्याचा ठराव हेन्रायको आणि चेस्टरफील्डच्या पर्यवेक्षक मंडळांना, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित मंडळांना, विधिमंडळाची वाट न पाहता करता येईल.